पाय ऊन हायत का?

आमच्या बयच्या घरात कुठलीही वस्तू थेट उचलायची नाही, असा नियम होता. चुलीसाठी लाकूड घ्यायचं तर आधी कोयत्याच्या मुठीनं त्यावर तीनदा ठोकायचं. पेंढा ओढायचा तर आधी काठीनं हलवायचा. वहाण जमिनीवर आपटून मगच पायात घालायची, घोंगडी ओटीवर नेऊन झटकायची. रात्री अंथरुणं घालायच्या आधी बय हातात कंदील घेऊन भिंतीच्या कडेकडेनं एक फेरी मारायची, कणगीच्या मागे, जात्याच्या खाली, दाराच्या खाचेत उजेड दाखवायची. मग म्हणायची, “झोपा आता.” देवळात सांजवात लावून आल्यावर जसा चेहरा होतो, तसा तिचा चेहरा त्या फेरीनंतर व्हायचा.

बय म्हणजे माझी आजी. महाडच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमची वाडी. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. १९८१ साली कागदावर रायगड झाला, तरी बय शेवटपर्यंत ‘कुलाबा’च म्हणत राहिली. मे महिन्यात आम्ही मुंबईची मुलं तिथं जायचो. संध्याकाळी चुलीच्या राखेत फणसाच्या आठळ्या भाजायला घातलेल्या असायच्या. त्या फुटू लागल्या की बयचं बोलणं सुरू व्हायचं. आठळीचं साल सोलता सोलता ती कुठलीही गोष्ट कुठूनही सुरू करायची, पण साल सांगायचं झालं तर तिच्याकडे दोनच खुणा होत्या: भूकंपाच्या आधी, नाहीतर भूकंपानंतर. कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. पहाटे आमच्या घराची कौलं खडखडली, फडताळातली पितळेची भांडी खाली आली आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली, हे तिनं मला शंभर वेळा तरी सांगितलं असेल.

भूकंपाच्या आधीची एक गोष्ट मात्र ती आपण होऊन कधी सांगत नसे. ती मी तुकड्यातुकड्यांनी गोळा केली. काही वडिलांकडून, काही काकाकडून, आणि फार उशिरा, थोडीशी तिच्याकडून.

ती माझ्या धाकट्या आत्याची. त्याच सालच्या उन्हाळ्यात, वैशाखात, राब भाजायचे दिवस होते. शेतात शेण, कवळं, पालापाचोळा पसरून तो भाजायचा, म्हणजे पावसात तिथं भाताची रोपं चांगली धरतात. मोठी माणसं शेतात होती. आत्या गडग्यावरून दगड काढत होती की करवंदं तोडत होती, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. वडील म्हणायचे, ती सहा वर्षांची होती. काका म्हणतो, आठ. बयला विचारलं तर ती फक्त हाताची उंची दाखवायची, जमिनीपासून कमरेपर्यंत. एवढंच आमच्याकडे आत्याचं माप आहे. फोटो नाही.

दगडाखाली विंचू होता. लाल. कोकणातल्या माणसाला ह्या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असते, पण मोठी माणसं भ्यायची ती बोटाएवढ्या तांबूस विंचवाला. आत्या रडत घरी आली. काकीआजीनं कांदा चोळला, आघाड्याचं मूळ उगाळून लावलं. भगताला बोलावणं गेलं. भगत आमच्याच भावकीतला, मायाळू माणूस, कुणाच्याही हाकेला अर्ध्या रात्री उठून येणारा. त्यानं नांगीच्या जागेवरून हात खाली उतरवत मंत्र म्हटले. थोड्या वेळानं पोर रडायची थांबली. घरातल्यांना वाटलं, विंचू उतरला.

इथं मला थांबून त्या भगताच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली पाहिजे. विंचू चावलेल्या माणसांत बहुतेकांना नुसती आग होते. ठणका लागतो, माणूस रात्रभर तळमळतो आणि दुसऱ्या दिवशी सावरतो. त्यामुळे दहातल्या बहुतेक वेळा भगताचा मंत्र ‘लागू’ व्हायचाच. तो कुणाला फसवत नव्हता, त्याच्या डोळ्यांसमोर माणसं बरी होत होती. जी थोडी उरायची, त्यांच्या बाबतीत तोही घाबरा व्हायचा. त्या दिवशी संध्याकाळी आत्या दोनदा ओकली. अंगाला पाण्यासारखा घाम सुटला. श्वास लागला. मग भगतच म्हणाला म्हणे, “वहिनी, हे माझ्या हातचं नाय. महाडला न्या.”

घोंगडीची डोली करून दोघांनी खांद्यावर घेतली. वाट पायाखालची, पण रात्र अंधारी. बय डोलीच्या शेजारून पळत होती आणि घोंगडीत हात घालून लेकीचे पाय चोळत होती. पुढे काय झालं ते काका एका वाक्यात सांगतो: “नदीपर्यंत पोचलो.” त्यापुढे तो बोलत नाही.

बयनं मला यातलं फक्त पायांचं सांगितलं, तेही ती पार थकली तेव्हा. “सुंठ चोळली, राख चोळली, पदरात धरले. पोरीचे पाय ऊन झालेच नाय.”

ह्या घटनेनंतर बयला एक विद्या आली, असं गावात म्हणत. विंचू लागलेलं पोर कुणी आणलं की ती आधी त्याच्या पायाला हात लावायची. पोर बोंब मारत असेल तर म्हणायची, “रडू दे. रडतंय ते चांगलं हाय.” पोर गप्प असेल, कपाळ ओलं असेल आणि पाय गार असतील, तर मात्र ती कुणाला बोलू देत नसे. “भगताकडं नको, गाडी बघा.” तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या तळहातांनी एका रात्रीत शिकून घेतलं होतं. पण महाडला पोचून तरी काय व्हायचं? तिथंही त्या काळी विंचवावर हुकमी औषध कुणाच्याच हातात नव्हतं. दवाखान्यात सुई मिळायची, सलाईन मिळायचं आणि शंभरातली तीस-चाळीस गंभीर मुलं तरीही जायची.

आता ह्या गोष्टीत एक डॉक्टर येतात, आणि ते येतात पार जालन्याकडून. देहेड नावाच्या गावातलं शेतकरी घर, शिकायला नागपूर, आणि नोकरीचं पहिलं ठिकाण आमच्या बाजूचं बिरवाडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र. साल १९७६. डॉ. हिंमतराव बावस्कर. ज्यांनी त्यांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ वाचलंय त्यांना त्यांचं लहानपण माहीत असेल. कोरड्या मुलखातला तो तरुण डॉक्टर आमच्या धो धो पावसात आला आणि त्याच्यासमोर विंचवानं निळी पडलेली मुलं येऊ लागली. पुस्तकांत ह्या विषयावर फारसं काही नव्हतं. जिथं पुस्तकं लिहिली जातात, तिथं लाल विंचू नव्हता.

तेव्हा त्यांनी काय केलं? मुलाच्या उशाशी बसून जे दिसेल ते लिहून ठेवलं. चावल्यापासून किती तासांनी ओकारी झाली, घाम केव्हा सुटला, हातपाय केव्हा गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, श्वास केव्हा लागला. एकाची नोंद, दुसऱ्याची नोंद, पन्नासाव्याची नोंद. अशा नोंदी एकाखाली एक ठेवल्या की त्या बोलायला लागतात. विंचवानं मुलं कशी मरतात, हे त्या वहीतून हळूहळू उलगडलं. ओकारी, दरदरून घाम, गार हातपाय ही हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची आगाऊ खूण आहे, असं सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. जगातल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकांतलं ते एक. मी तो लेख कितीतरी वर्षांनी पाहिला. गार हातपायांचा उल्लेख आला तिथं माझं बोट थांबलं. बयच्या तळहाताला जे कळलं होतं, ते तिथं छापलेलं होतं.

त्याच १९८२ साली आमच्या घरात दुसरंच वादळ आलं होतं. काका परळला गिरणीत होता. जानेवारीत संप सुरू झाला. “महिनाभरात मिटेल,” असं म्हणत तो शिमग्याला पालखी नाचवायला गावी आला आणि मग परत गेलाच नाही. त्याच्यासारखी कितीतरी माणसं त्या वर्षी कोकणात उतरली. ज्यांच्या हातांना मागाची सवय होती, त्यांनी पुन्हा नांगर धरला. काका नेहमी सांगतो, की गिरणीत जाता-येता तो हाफकिन संस्थेच्या फाटकावरून जायचा. प्लेगच्या दिवसांत, १८९९ साली, परळला सुरू झालेली ती प्रयोगशाळा. तिथं सापाच्या विषावरची लस करतात, हे गिरणीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. “रोज त्या फाटकाकडं बघून धाकटी आठवायची,” काका म्हणतो. “वाटायचं, आत जाऊन एकदा विचारावं, विंचवाचं काय? पण आपल्याला कोण उभं करणार?”

त्याचा हा प्रश्न मला अजून टोचतो. आमच्या सावित्री नदीच्या काठापासून परळ रातराणी एसटीच्या एका प्रवासाइतकं जवळ. तरी आत्याच्या दुखण्याला तिथवर पोचायला किती काळ लागला! विंचू चावायचा तो अनवाणी पायांना, दगड उचलणाऱ्या हातांना, पेंढ्यात खेळणाऱ्या पोरांना. ह्या माणसांना आपलं दुखणं कुठं नेऊन सांगायचं हे माहीत नव्हतं. आणि ज्यांना शोध लावता येत होता, त्यांच्या दारी हे दुखणं कधी आलं नव्हतं. दोघांच्या मधोमध कुणीतरी येऊन राहायला हवं होतं.

आता बाबूची रात्र सांगते. ती मी स्वतः पाहिली, तरी तीस-पस्तीस वर्षांत तिच्यावर थोडं आठवणींचं सारवण चढलं असेल, ते समजून घ्यावं.

बाबू हा काकाचा धाकटा मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा. १९८७ असावं, कारण मी अकरावीत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी आले होते. भातकापणी चालू होती. खळ्यावर भारे रचलेले, सगळीकडे नव्या भाताचा गोडसर वास, अंगाला कुसळं टोचत होती. बयनं नव्या तांदळाची पेज केली होती आणि बरोबर भाजलेली सुकट. बाबू भाऱ्यांच्या आड लपाछपी खेळत होता. तिथंच त्याला विंचू लागला. त्यानं एकच किंकाळी मारली. अर्ध्या तासानं मी त्याच्याकडे पाहिलं तर तो शांत बसला होता, ओठ पांढरे, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

बयनं त्याच्या पावलांना हात लावला. काहीच बोलली नाही. हातातली पेजेची वाटी तिनं इतकी हळू खाली ठेवली की माझ्या छातीत धस्स झालं.

गावात वाळूचा ट्रक उभा होता, त्यातून आम्ही महाडला गेलो. बाबू काकाच्या मांडीवर आडवा. वाटेत दोनदा ओकला. महाडच्या दवाखान्यातले डॉक्टर कोण होते ते मला आता आठवत नाही. तरुण होते, आणि त्यांना काय करायचं ते माहीत होतं, एवढं मात्र पक्कं आठवतं. त्यांनी रक्तदाब पाहिला, छातीला नळी लावली आणि एक छोटीशी गोळी पाण्यात विरघळवून बाबूला पाजली. काकी त्याला उचलून उराशी धरायला गेली तर डॉक्टर पटकन म्हणाले, “उचलू नका. आडवाच राहू द्या. ह्या औषधानं रक्तदाब उतरतो, उभं धरलं तर चक्कर येईल.” आई-आजीला लेकरू कुशीत घ्यायला मनाई! काकीचे हात तसेच हवेत राहिले. बय मात्र खाटेच्या पायथ्याशी गेली, खाली बसली आणि तिनं बाबूची दोन्ही पावलं आपल्या हातांत धरली. तेवढ्याला मनाई नव्हती.

डॉक्टर दर थोड्या वेळानं येत, नाडी बघत आणि मग बयलाच विचारत, “आजी, पाय ऊन आहेत का?” बय मान हलवायची, नाही. काही तासांनी गोळीचा दुसरा डोस दिला. बाहेर कुत्री भुंकत होती, खिडकीतून भाताच्या गिरणीचा कोंड्याचा वास येत होता. काका भिंतीला टेकून छताकडे बघत बसला होता, आणि तो काय मोजत होता ते मला आता कळतं.

पहाटे कधीतरी बय एकदम म्हणाली, “ऊन लागतंय.” मी जाऊन हात लावला. तिचा हात ऊन की त्याचा पाय ऊन, मला कळेना. डॉक्टर आले, त्यांनी पावलावर तळहात ठेवला, पायाच्या वरच्या शिरा दिसू लागल्या होत्या त्या बोटानं दाबून पाहिल्या. आणि तेवढ्यात बाबूनं डोळे उघडले आणि भोकाड पसरलं, “आई गं, दुखतंय! बोट दुखतंय!” डॉक्टर हसले. “दुखू लागलं ना? आता भीती नाही.” बयला तर ते सांगायलाच नको होतं. “रड रे माझ्या वाघा, रड,” म्हणत ती त्याच्या पावलांवर डोकं टेकून स्वतःच रडू लागली. बाबूसाठी रडली की वीस वर्षांपूर्वीच्या दोन लहान पावलांसाठी, हे मी कधी विचारलं नाही.

त्या गोळीचं नाव प्राझोसिन. ती मुळात उच्च रक्तदाबाची गोळी, काही विंचवासाठी बनलेली नव्हती. ती विंचवापर्यंत कशी आली, हीच खरी शोधाची गोष्ट आहे. लाल विंचवाचं विष अंगात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सोडतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय बर्फासारखे होतात. रक्तदाब चढतो, त्या दाबाशी झुंजता झुंजता हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी साचतं. शेवटी तोंडाला गुलाबी फेस येतो. हे एकदा नीट कळल्यावर डॉ. बावस्करांनी आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध शोधलं. आधी त्यांनी थेंबाथेंबानं शिरेतून द्यायचं औषध वापरून पाहिलं, पण त्याला क्षणाक्षणाला रक्तदाब बघत बसावं लागे. वाडीवस्तीवर ते कुठून जमणार? मग ही गोळी. ती स्वस्त होती, पोटातून देता येत होती, आणि आरोग्य केंद्राच्या कपाटात मावत होती. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचा प्राझोसिनवरचा लेख १९८६ साली पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच आला. जिथं गंभीर रुग्णांतले शंभरातले तीस-चाळीस जात, तिथं हे प्रमाण शंभरात एकावर आलं. आणि गोळी किती वेळा द्यायची, याची खूणगाठ साधी होती: हातपाय कोरडे आणि ऊन होईपर्यंत.

काकाच्या मनातल्या त्या फाटकाचीही गोष्ट पुढे पुरी झाली. हाफकिनमध्ये तयार झालेली विंचवाच्या विषावरची लस महाडला रुग्णांना देऊन पाहिली गेली. ७० रुग्णांपैकी काहींना नुसती गोळी, काहींना गोळी आणि लस, अशी रीतसर तुलना करून. ज्यांना दोन्ही मिळालं ते लवकर बरे झाले. ते काम २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापलं. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली, त्या दिवशी काकानं मला फोन केला. बोलला काहीच नाही, नुसतं “वाचलंस का?” एवढंच.

बय गेली तेव्हा मी एकवीस-बावीस वर्षांची असेन. त्याच्या दोनेक वर्षं आधीची एक दुपार मला कायम आठवते. कॉलेजात असताना मी गडचिरोलीबद्दल वाचलं होतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ च्या सुमारास तिकडे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि वसा व अमिर्झा ह्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. बायकांच्या पाळीची, अंगावरून जाण्याची, गर्भाशयाची दुखणी, जी बाई आईलाही सांगत नाही ती. १९८९ साली निष्कर्ष छापून आले. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना यातलं काही ना काही होतं. आणि त्याआधी डॉक्टरांकडून तपासून उपचार घेतलेल्या बायका शंभरात फक्त आठ!

त्या मे महिन्यात बय दुपारी पडवीत आडवी झाली होती. तिची कंबर वर्षानुवर्षं दुखायची. निर्गुडीचा पाला गरम करून ती शेकून घ्यायची, आम्हीही चेपून द्यायचो. ‘बयची कंबर’ हा आमच्या घरातला कायमचा शब्द होता, जणू घराच्या तुळईचा करकर आवाज. मी सहज तिला गडचिरोलीच्या त्या बायकांचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तोंड भिंतीकडे करून म्हणाली, “म्हंजे तिकडच्या बायांचंबी तसंच हाय तर.” आणि त्या दुपारी, आयुष्यात पहिल्यांदा, तिनं मला तिच्या कमरेचं खरं दुखणं सांगितलं. शेवटच्या बाळंतपणापासून होतं. आजोबांना माहीत नव्हतं. वीस वर्षांहून जास्त काळ ती वाकून लावणी लावत होती, डोईवर दोन हंडे आणत होती आणि आम्ही कंबर चेपत होतो. तिकडच्या ६५० बायकांनी धीर करून तपासून घेतलं, ते कुणीतरी मोजलं, लिहिलं, म्हणून इकडे सावित्रीच्या खोऱ्यातल्या एका बाईला वाटलं की आपण एकट्या नाही. मोजण्यानं एवढं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बय म्हणायची, “माझी अकरा झाली, सहा राहिली.” गेलेल्या पाचांपैकी एक आत्या, आणि उरलेली चार महिन्याच्या आतच गेली. ती कशानं गेली ते कुणी विचारलं नाही. “दूध ओढीना,” “निळं पडलं,” “गार पडलं,” एवढीच त्यांची कारणं. गडचिरोलीत ह्याच ‘गार पडलं’चा माग घेतला गेला. ३९ गावांत, गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवलं: बाळाचं वजन कसं करायचं, ताप कसा बघायचा, बाळ उबेत कसं ठेवायचं, मिनिटाला श्वास किती ते कसं मोजायचं, जंतुसंसर्ग ओळखून औषध कसं द्यायचं. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली हे छापून आलं. बाळंतिणीच्या खाटेशी बसलेल्या, थोडंफार शिकलेल्या बाईच्या हातून हे झालं होतं. पुढे २०११ साली ही पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली.

आणि आता ह्या गोष्टीतली शेवटची माणसं.

बाबूचं लग्न झालं. त्याची बायको, आमची वहिनी, आमच्याच वाडीची आशा आहे. गेल्या मार्गशीर्षात मी गावी होते. सकाळी तिनं नाचणीच्या भाकऱ्या थापल्या, मुलांना शाळेत धाडलं आणि खांद्याला पिशवी अडकवून म्हणाली, “ताई, येता का? वरच्या आळीत बाळ बघायचंय, तिसरा दिवस हाय.” बाळ दवाखान्यात जन्मलेलं असलं तरी आशानं तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा वेळा त्याच्या घरी जायचं असतं. मी निघाले. पाणंदीची चढण तिला रोजची, मला दम लागला. वाटेत ती आपली गाऱ्हाणी सांगत होती: मोबदला वेळेवर येत नाही, वरच्या धनगरवाडीला अजून रस्ता नाही, रात्री कळा सुरू झाल्या की फोनला रेंज मिळवायला गडग्यावर चढावं लागतं, काही घरी सासू दार उघडते पण बाळ दाखवत नाही. सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, “पण जावं तर लागतंच ना?”

बाळंतिणीची खोली अंधारी, ओव्याच्या धुरीचा वास. वहिनीनं आधी साबणानं हात धुतले, ते पंख्यासारखे हलवून वाळवले. झोळीच्या काट्यात बाळ घालून वजन केलं. घड्याळाकडे बघत ओठांत श्वास मोजले. साठाच्या वर गेले तर धोका, असं तिनं मला हळूच सांगितलं. दूध कसं ओढतंय ते पाहिलं. पण ह्या सगळ्याच्याही आधी, बाळाला दुपट्यातून बाहेर काढायच्या आधी, तिनं दुपट्याच्या टोकातून हात आत सरकवला होता आणि क्षणभर थांबली होती.

“काय बघितलंस गं?” मी विचारलं.

“पाय बघितले,” ती म्हणाली. “पाय गार लागले की बाळ गार पडायला लागलंय. शिकवलंय आम्हाला.”

वहिनीनं बयला पाहिलेलं नाही. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा बय जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. बयनं ज्या हातानं डोलीशेजारून पळत लेकीचे पाय चोळले, तो हात तिला ठाऊक असायचं काही कारण नाही. तो हात बिरवाडीच्या वहीतून, गडचिरोलीच्या झोपड्यांतून, कुठल्या कुठल्या कागदांवरून फिरून परत आमच्याच वाडीत, आमच्याच घराच्या सुनेच्या तळहातात आला होता. फरक एवढाच की बयला गार पाय कळायचे आणि पुढे करायला काही नसायचं. वहिनीला पुढचं माहीत आहे.

तिनं पिशवीतून छापील अर्ज काढला, गुडघ्यावर ठेवला, पेनाचं टोपण दातांत धरलं आणि एकेका रकान्यात लिहीत गेली. वजन. ताप. श्वास. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. बाळाच्या आजीनं आम्हाला काळ्या चहाचे पेले आणून दिले आणि जरा भीतभीतच विचारलं, “बरं हाय ना गं सगळं?”

“बरं हाय, आत्या,” वहिनी म्हणाली. “पाय ऊन हायत.”